उसाच्या उभ्या ट्रॉलीला मागून धडक, गुन्हा दुचाकीवाल्यावरच. क्लेम होतो का?

शेडवाला_विटा

नमस्कार मंडळी. हकीकत थोडक्यात देतो, नेमकं उत्तर हवंय.

विटा–तासगाव रस्ता, डिसेंबरचा दुसरा आठवडा, रात्री साडेनऊच्या सुमारास. ट्रॅक्टरला उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलं म्हणून सगळं डांबरावरच उभं. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड-झाडपाला काही नाही. चालक चाक खोलून पंक्चरवाल्याकडे गेलेला. दुचाकी मागून धडकली.

चालवणारा यंत्रमाग शेडवर जॉबर (माग जुळवणारा-दुरुस्त करणारा), वय ३४, महिन्याला १८ हजार हातात. उजव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय, गुडघा पूर्ण वळत नाही. मागे चुलतभाऊ बसला होता, त्याचं मनगट मोडलं. हेल्मेट दोघांनाही नव्हतं. पोलिसांनी ट्रॅक्टरमालकाची फिर्याद घेऊन गुन्हा दुचाकी चालवणाऱ्यावरच नोंदवला, भारतीय न्याय संहिता २८१ आणि १२५. सगळे म्हणतात मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच, काही मिळायचं नाही. एप्रिल लागला. खरंच काही होत नाही का?

---

दावे_विजयनगर

होतं. आणि एक नाही, दोन दावे होतात. चालवणाऱ्याचा एक, मागे बसलेल्याचा एक.

"मागून धडकला तो चुकला" हा पारावरचा कायदा आहे, मोटार वाहन कायदा नाही. गुन्हा कुणावर नोंदलाय याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (क्लेम चालवणारं कोर्ट) बांधील नसतं. तिथे बघतात ते एवढंच, की निष्काळजीपणा कुणाचा असण्याची शक्यता जास्त. वाहन धोकादायक जागी सोडू नये हे कलम १२२ सांगतं, रिफ्लेक्टरची सक्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०४ मध्ये आहे, आणि सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणं हा न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. अंधारात डांबरावर बिनदिव्याची ट्रॉली म्हणजे तिन्ही एकदम. भर रस्त्यात बिनइशारा सोडून दिलेल्या ट्रकवर मोटार आदळली अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सगळी जबाबदारी ट्रकवर टाकली, मोटारचालकाच्या वाट्याला काही ठेवलं नाही. प्रत्येक वेळी शंभर टक्के असंच होईल असं नाही. दुचाकीचा वेग, समोरून येणाऱ्या गाडीचा झोत, रस्त्याची रुंदी यावर चालवणाऱ्याच्या माथी काही टक्के येऊ शकतात. आले तर त्याची रक्कम तेवढी कापली जाते, दावा बुडत नाही.

ट्रॅक्टर चालूच नव्हता म्हणजे "वाहनाचा वापर" नव्हता, असा बचाव समोरच्याच्या कैफियतीत (लेखी उत्तरात) हमखास येईल. तो १९९१ सालीच सर्वोच्च न्यायालयात निकालात निघालाय, तेही आपल्या शेजारच्या प्रकरणात. ऑक्टोबर १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून कलंडला. काही तासांनी स्फोट झाला आणि गळतं पेट्रोल भरायला जमलेले ४६ जण गेले. टँकर तेव्हा आडवा पडलेला होता, तरी तो वापरच धरला.

हेल्मेटचं: डोक्याला मार असता तर प्रश्न होता. मांडी आणि मनगट मोडण्याशी हेल्मेटचा संबंध काय? दंड वेगळा, निष्काळजीपणा वेगळा. उलटतपासणीत विचारतील, पण त्याने रक्कम आपोआप कमी होत नाही.

मागे बसलेल्याची बाजू तर आणखी पक्की. तो गाडी चालवत नव्हता, त्यामुळे चालवणाऱ्याची चूक त्याच्या खात्यात जात नाही. दोन वाहनांच्या मिळून चुकीने तिसरा जखमी झाला तर तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो, आपसातला हिशोब त्यांचा ते बघतील. म्हणून त्याच्या दाव्यात ट्रॅक्टरचा मालक आणि विमा कंपनी घालाच, दुचाकीचेही घाला. पण दुचाकीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर मागे बसलेला तिच्यात येत नाही. पॅकेज (म्हणजे सर्वसमावेशक) पॉलिसीत येतो. ट्रॅक्टरची बाजू घट्ट धरायची ती यासाठी.

आता सर्वांत महत्त्वाचं. मुदत सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १६६(३) ची ही मुदत परत आलीय. जुन्या मंडळींना अजून वाटतं की क्लेमला मुदत नाही. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. तुमची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपते, आणि मध्ये कोर्टाची उन्हाळी सुट्टी आहे. एप्रिलमध्येच दाखल करा.

---

घटनास्थळ

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. अशा प्रकरणात जिंकणं-हरणं मात्र ठरतं घटनास्थळ पंचनाम्यावर, त्याबद्दल लिहितो.

पंचनाम्याची नक्कल आधी काढा आणि पुढच्या गोष्टी त्यात आहेत का ते वाचा. ट्रॉली डांबरावर होती की साइडपट्टीवर? डांबराची एकूण रुंदी किती, आणि ट्रॉलीच्या उजव्या कडेपासून रस्त्याच्या मध्यापर्यंत किती फूट? मागच्या फळीवर रिफ्लेक्टर किंवा लाल पट्टी? टेल लॅम्पची वायर जोडलेली की लोंबणारी? दुचाकीच्या ब्रेकच्या खुणा किती लांब? रस्त्यावर विजेचे दिवे? बऱ्याच पंचनाम्यांत "ट्रॉली रस्त्याच्या डाव्या बाजूस उभी" एवढंच असतं. डाव्या बाजूस म्हणजे कुठे, हे कुणी लिहीत नाही, आणि सगळा दावा त्या एका शब्दावर अडकतो.

उसाच्या ट्रॉलीचं आणखी एक. मोळ्या फळीच्या बाहेर लोंबतात आणि असलेला दिवा-रिफ्लेक्टरही झाकून टाकतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या आवारात रिकाम्या ट्रॉलीचा फोटो काढून "रिफ्लेक्टर होता" असं दाखवलं जातं. तुम्हाला हवाय रात्रीचा, भरलेल्या ट्रॉलीचा फोटो. अपघात झाला की दहा जण मोबाईल काढतात, कुणाकडे ना कुणाकडे असतोच. मूळ फोन जपायला सांगा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली प्रत कच्ची समजा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ओळख-आकडा) लिहावी लागते, आणि ती मूळ फाइलवरून काढलेली बरी.

दुसरा भक्कम कागद सहसा कुणी मागत नाही: साखर कारखान्याच्या वजनकाट्याची नोंद. त्या रात्री ती खेप काट्यावर कधी आली, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे नंबर, चालकाचं नाव, वजन, सगळं त्यात असतं. ट्रॅक्टरवाला "आमची गाडी तिथे दहा मिनिटंच उभी होती" म्हणाला तर फडातून निघाल्याची स्लिप आणि काट्यावरची वेळ शेजारी ठेवा. सोबत कारखान्याच्या शेती खात्याकडचा ऊस वाहतूक करारही मागवा, गाडी कुणाच्या ताब्यात आणि कुणाच्या हुकमाने चालत होती ते त्यात निघतं. कारखाना तुम्हाला हातात देणार नाही. न्यायाधिकरणाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ खाली दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, तिथून समन्स काढायचं. मात्र गाळप हंगाम संपला की जुन्या नोंदी शोधायला कुणी उत्साही नसतं. दावा दाखल झाला की पहिला अर्ज हाच द्या.

गुन्ह्याच्या बाबतीत: जखमीचा जबाब पोलिसांनी घेतलाय का? नसेल तर त्याचा स्वतःचा लेखी जबाब पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, प्रत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने. दोषारोपपत्र जायच्या आधी हे रेकॉर्डवर यायला हवं.

---

शेडवाला_विटा

धन्यवाद, डोळे उघडले. तीन अडचणी आहेत. एक, दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "गाडीवरून घसरून पडला" असं लिहिलंय. नातेवाइकांनी घाईत सांगितलं, पोलीस लचांड नको म्हणून. दोन, अपंगत्वाचा दाखला जुलैशिवाय देणार नाही असं डॉक्टर म्हणतात, मग जूनची मुदत कशी पाळायची? तीन, विमा कंपनीकडून एक जण आला होता, अडीच लाख लगेच देतो, सही करा म्हणतोय.

---

दावे_विजयनगर

तिसऱ्याचं आधी. सही करू नका. कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पैसे खरे आहेत, फसवणूक नाही. पण कलम १४९ च्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला कलम १६६ चा दावा संपतो, तसं कलम १६६ च्या परंतुकातच लिहिलंय. ज्याचं हाड जुळलं, काम पूर्ववत सुरू झालं, त्याला हा मार्ग चांगला. चुलतभावाचं मनगट नीट बसलं असेल तर त्याच्यासाठी जरूर विचार करा. जॉबरसाठी अजिबात नाही. का, ते खाली हिशोबात दिसेल.

दाखला नसला तरी दावा दाखल होतो. अर्जात "कायमचं अपंगत्व आलं आहे, दाखला उपचार पूर्ण झाल्यावर हजर करू" एवढं लिहायचं. दाखला लागतो पुराव्याच्या वेळी. दाखल्याची वाट बघता बघता मुदत घालवणं हे अलीकडे फार दिसतं.

---

हाडांचा_डॉक्टर_मिरज

दाखला आणि कागद यांवर लिहितो.

मांडीच्या हाडात रॉड टाकल्यावर हाड जुळणं आणि गुडघ्याची हालचाल स्थिरावणं याला वेळ लागतो. आज मोजलं तर टक्के जास्त येतील, पण उलटतपासणीत "उपचार चालू असताना मोजलं" म्हणून ते उडतील. तुमचे डॉक्टर थांबायला सांगतायत ते बरोबर आहे. मधल्या काळात दर फेरीला एक्स-रे काढून ठेवा आणि केसपेपरवर गुडघा किती अंशांपर्यंत वळतो, पाय किती सेंटिमीटर आखूड झालाय, हे आकड्यात लिहून घ्या. नुसतं "गुडघा आखडलेला" याला कोर्टात किंमत नाही.

दाखल्यावर टक्के एका पायाचे की संपूर्ण शरीराचे, हे स्पष्ट लिहून घ्या. पायाचं ३५ टक्के म्हणजे शरीराचं ३५ टक्के नव्हे, ते बरंच कमी भरतं. विमा कंपनीचे वकील पहिला प्रश्न यावरच विचारतात. आणि दाखला नुसता जोडून भागत नाही, देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला यावं लागतं. उपचार केलेला डॉक्टर यायला राजी आहे का, हे आधीच विचारा.

पहिल्या कागदावरच्या "घसरून पडला" बद्दल: त्यात खाडाखोड करून घ्यायला जाऊ नका. कुठलाही शहाणा डॉक्टर करणार नाही, आणि केली तर तो कागद तुमच्याच विरुद्ध जातो. त्याऐवजी १०८ ची रुग्णवाहिका आली होती का ते बघा. त्यांच्या नोंदीत कॉलची वेळ, ठिकाण आणि कारण असतं. पुढच्या रुग्णालयाच्या भरती कागदावर काय हिस्ट्री आहे तेही बघा, दुसरीकडे हलवताना बहुतेक खरं सांगितलेलं असतं. ज्याने "घसरला" सांगितलं त्या नातेवाइकाची साक्ष घ्या, जखमीने ते सांगितलं नव्हतं हे त्यातून येतं. जखमांचा नमुनाही बोलतो. नुसतं घसरून पडणं आणि समोर आदळणं यात मार वेगळ्या जागी बसतो, हे डॉक्टर साक्षीत सांगू शकतो.

---

डबलट्रॉली

मी दुसऱ्या बाजूचा, ट्रॅक्टर-ट्रॉली धंद्यातला. शिव्या द्यायच्या तर द्या, पण उपयोगाचं सांगतो.

ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा असेलच असं नाही. प्रत्येक ट्रॉलीचं पासिंग वेगळं, नंबर वेगळा. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये ट्रेलरचे नंबर आणि त्यांचा प्रीमियम वेगळा दाखवलाय का ते बघा. ट्रॅक्टरच्या नंबरवरून एम-परिवहन अॅपवर विमा कंपनी आणि मुदत दिसते, ट्रॉलीचे नंबर पंचनाम्यातून घ्या. फडावरच्या काही ट्रॉल्यांना नंबरच नसतो, तेही पंचनाम्यात यायला हवं.

दुसरं, पॉलिसी शेतीकामाची घेतलेली आणि गाडी कारखान्याला भाड्याने लावलेली, हे सर्रास चालतं. विमा कंपनी अटभंग म्हणून हात वर करते. लायसनवरूनही भांडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहनाच्या लायसनवर त्या वजनातलं व्यावसायिक वाहन चालवता येतं, वेगळा शेरा लागत नाही. त्यामुळे तो मुद्दा बराच मऊ झालाय. तरी मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या असल्या की कंपनीचा वकील वजनाचा काटा काढतोच.

---

दावे_विजयनगर

डबलट्रॉलींचं म्हणणं खरं आहे, फक्त जखमीने त्याने घाबरून जाऊ नये. तो तिऱ्हाईत आहे. अटभंग सिद्ध झाला तरी बऱ्याच प्रकरणांत न्यायाधिकरण "आधी कंपनीने द्यावं, मग मालकाकडून वसूल करावं" असा हुकूम देतं. विमाच नसेल तर मात्र वसुली मालकाच्या जमिनीपर्यंत जाते आणि वर्षं जातात. तशा वेळी ट्रॅक्टर सोडवण्याच्या अर्जालाच हरकत घेऊन तारण मागायचं.

आता हिशोब. जॉबर, वय ३४, उत्पन्न १८,०००. स्वतंत्र किंवा ठरावीक पगारावरच्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरतात (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, २०१७), म्हणजे २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा) १६ (सरला वर्मा निकाल, २००९), झाले ४८,३८,४००. याला कमाईची क्षमता किती टक्के गेली त्याने गुणायचं. ३० टक्के धरली तर १४,५१,५२०. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट नसते, ती मृत्यूच्या दाव्यात. वर चालवणाऱ्याच्या माथी २५ टक्के चूक आली असं समजा, तरी या एका सदरात १०,८८,६४० उरतात. अडीच लाखांवर सही का नको, ते एवढ्यासाठी. शिवाय दवाखान्याचा खर्च, घरी बसलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, सोबतीला राहिलेल्या माणसाचे, खुराक, येण्या-जाण्याचं भाडं, वेदना, आणि पुढे रॉड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अंदाज (डॉक्टरच्या सहीने) ही सदरं वेगळी.

खरी लढाई त्या ३० टक्क्यांवर होते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) मध्ये सांगितलंय की डॉक्टरचे टक्के आणि कमाईतली घट एक नव्हे. बैठं काम करणाऱ्याचा गुडघा आखडला तर पगारात फरक पडणार नाही. जॉबरला मागाखाली उकिडवं बसावं लागतं, बीम चढवावा लागतो, पाळीभर उभं राहावं लागतं. गुडघा वळत नसेल तर तो जॉबरच राहत नाही, मग डॉक्टरचा आकडा २० असला तरी घट त्याहून जास्त मागता येते. हे कोर्टाला कामाच्या तपशिलातच दिसलं पाहिजे. तुम्ही शेडमालक असाल तर साक्षीदार तुम्हीच: हजेरीपुस्तक, पगाराची नोंद, आणि तो शेडवर नेमकं काय करायचा ते. पगार रोखीने असेल आणि कुठेच नोंद नसेल तर १८ हजार कोर्ट मान्य करेलच असं नाही, किमान वेतनावर येऊन थांबेल. पगार बँकेत जमा करा असं आम्ही शेडवाल्यांना सांगून थकलो, असो.

मेडिक्लेम मिळाला असेल तर तो लपवू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की मेडिक्लेमची रक्कम नुकसानभरपाईतून वजा होत नाही. मूळ बिलं तिकडे जमा झाली असतील तर त्या कंपनीकडून साक्षांकित प्रती घ्या.

---

शेडवाला_विटा

दावा सांगलीतच टाकायचा का? आणि वकील टक्केवारी मागतायत, ती रीत आहे का?

---

दावे_विजयनगर

जिथे अपघात झाला, जिथे जखमी राहतो किंवा धंदा करतो, किंवा जिथे समोरचा राहतो, यांपैकी कुठेही चालतं. तुमचं सगळं जिल्ह्यातच आहे.

टक्केवारीची चाल आहे, पण बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ठरावीक फी ठरवा, लेखी घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही कुणालाही देऊ नका, वकिलालाही नाही.

पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, तुमचे ९० दिवस उलटून गेलेत. गेला असेल तर कलम १६६(४) खाली तोच अर्ज म्हणून धरता येतो, पण त्यात तुमचा माणूसच आरोपी आहे, त्यामुळे स्वतःचा अर्ज वेगळा टाकाच. दाखल करताना लागतील: फिर्याद, पंचनामा, दवाखान्याचे कागद आणि बिलं, आधार, बँक पासबुक, दुचाकीचं आरसी-विमा-लायसन, ट्रॅक्टरची माहिती. पोलीस ठाणं किंवा आरटीओ वाहनाची आणि विम्याची माहिती देत नसेल तर कलम १६० चा उल्लेख करून लेखी मागा, द्यावीच लागते.

लोकअदालतीत कंपनी आकडा सुचवेल. डॉक्टरची साक्ष होण्याआधी सुचवलेला आकडा नेहमी हलका असतो. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील, आणि आता त्यासाठी मुंबईला जायला नको. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे, सांगली-सातारा त्यातच येतात.

---

घटनास्थळ

एक राहिलं. दुचाकी अजून ठाण्यात असेल तर सोडवून भंगारात घालू नका. पुढचा फोर्क कसा वाकलाय, हँडलचा मार किती उंचीवर बसलाय आणि ट्रॉलीच्या फळीची उंची किती, हे जुळवून आदळण्याची दिशा काढता येते. आरटीओच्या निरीक्षकाने तपासणी अहवाल दिला असेल तर त्याची नक्कल घ्या, हेडलाइट आणि ब्रेक चालू होते का ते त्यात असतं. हेडलाइट बंद होता असं आलं तर वकिलांना आधी सांगा, कोर्टात पहिल्यांदा कळायला नको.